थर्मोकोलची पाणचक्की आणि बादलीची मूठ

विज्ञान प्रदर्शनात थर्मोकोल नवा नाही. पण त्याचा उपयोग आपण नेमका कशासाठी करतो, हे फारसे तपासले जात नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज भागातील एका शाळेत परीक्षक म्हणून गेलो असता हा प्रश्न मला पडला. तोही निकाल देऊन झाल्यावर.

पहिला क्रमांक मी शहरातील प्रसिद्ध पाणचक्कीच्या प्रतिकृतीला दिला होता. कमानी, हौद, चक्र, जाते, सारे रेखीव आणि रंगवलेले. मूळ पाणचक्कीत दूरचे पाणी नळांतून आणून उंचावरून पाडले जाई आणि त्या जोरावर जाते फिरे. प्रतिकृतीतले चक्र मात्र चिकटवलेले होते. चक्राला पाती किती असावीत, पाणी किती उंचीवरून पडावे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्याकडून मिळण्यासारखे नव्हते. चक्र फिरते असते, तरी थर्मोकोलच्या जात्याने भाराबद्दल काय सांगितले असते? एक घनमीटर थर्मोकोलचे वस्तुमान साधारण 15 ते 30 किलोग्रॅम, तर तेवढ्याच बेसाल्टचे सुमारे 2900 किलोग्रॅम.

शेवटच्या टेबलावर नववीतल्या एका मुलीने बादलीच्या कडीवर बसवायची मूठ मांडली होती. तिला मी फारच थोडे गुण दिले होते. निघताना सहज विचारले, तेव्हा तिने टेबलाखालच्या पिशवीतून आणखी तीन मुठी काढल्या. ‘खराब तुकडे’ म्हणून त्या मांडल्या नव्हत्या.

पंधरा लिटर पाण्याने भरलेली बादली हात सुमारे 150 न्यूटन बलाने खाली ओढते. कडीची तार बारीक, तळव्याशी तिचा संपर्क थोडा; म्हणून दाब जास्त आणि हाताला वळ. मुलीची पहिली मूठ इतकी जाड होती की बोटे मिटत नव्हती. दुसरी बारीक केली, तर तारेनेच ती आतून कापली. तिसरीत तिने उभी चिरलेली प्लास्टिकची नळी बसवली. बादली उचलल्यावर त्या मुठीवर बोटांचे खळगे उमटले. ते पाहून चौथी कोरली.

हे खळगे महत्त्वाचे आहेत. थर्मोकोल म्हणजे वाफेने फुगवून एकमेकांना सांधलेले पॉलिस्टायरीनचे मणी. आकारमानाच्या सुमारे 98 टक्के हवाच. जोराने दाबल्यास त्यातील सूक्ष्म कप्प्यांच्या भिंती चेपतात आणि पूर्ववत होत नाहीत. म्हणजे दाब कुठे जास्त पडला, याची नोंद तो स्वतःच ठेवतो. मुलीच्या हातात तो सजावटीचे सामान नव्हता, मोजण्याचे साधन होता.

वस्तूंचे डिझाइन शिकवणाऱ्या वर्गांत फोमची मॉडेले याचसाठी करतात. मुंबईच्या आयआयटीत या विषयाचे केंद्र 1969 पासून आहे. तेथे काय, कोठेही काय, फोमचा गुण एकच: तो लवकर कापता येतो आणि टाकून देताना जीव तुटत नाही. विचार चुकीचा असेल तर ते दहा मिनिटांत कळते. आपण मात्र उत्तर ठाऊक झाल्यावर मॉडेल करतो आणि त्यावर रंग चढवतो.

दोष विद्यार्थ्यांचा नाही. सुबकतेला गुण दिले की सुबकताच पिकते. तेव्हा गुणपत्रिकेत एक रकाना ‘टाकून दिलेल्या मॉडेलांचा’ असावा: काय बदलले आणि का? पाणचक्कीच्या गटालाही चक्र फिरवून, दोऱ्याने वजन उचलून, पात्यांची संख्या बदलून पाहता आली असती.

महाराष्ट्रात 2018 च्या अधिसूचनेने थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, हे ध्यानात घेऊन नवे तक्ते आणू नयेत. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतले तुकडे पुरतात. नाहीतर पुठ्ठा, शाडू, दुधी भोपळाही चालतो. तापलेल्या तारेने थर्मोकोल कापताना निघणारा धूर अपायकारक असतो, म्हणून हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेतच व्हावे.

त्या दिवशीचा निकाल बदलता आला नाही. पण पिशवीतले तिन्ही तुकडे टेबलावर ओळीने मांडायला मी तिला सांगितले. पाहणाऱ्यांची गर्दी त्यानंतर तिथे जमली.