सुखात्मे वकिलांची दुसरी जागा

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली रंगभूमीवर आणले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे यांनी उभी केलेली लीला बेणारे यांविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. एका अविवाहित स्त्रीची सभ्य समाजाने केलेली शिकार, हा या नाटकाचा रूढ अर्थ. तो खोटा नाही. परंतु मंडळाच्या अभिवाचनासाठी संहिता पुन्हा हाती घेतली, तेव्हा आमचे लक्ष बेणारेबाईंपेक्षा सुखात्मे वकिलांवर खिळून राहिले. आपल्या मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या वकिली करणारी घराणी थोडी नाहीत. त्यांच्यापुढे एक साधा प्रश्न ठेवावासा वाटतो: या खटल्यात बाईंचा वकील कोण?

उत्तर संहितेतच आहे. फिर्यादी पक्षाचे वकील सुखात्मे आणि बचाव पक्षाचे वकीलही सुखात्मेच. हौशी मंडळींचे अभिरूप न्यायालय, तेव्हा एकाने दोन भूमिका केल्या तर बिघडले कुठे, असे आरंभी आपल्यालाही वाटते. भ्रूणहत्येचा आरोप बाईही थट्टेवारी नेतात. पण खेळ बाईंच्या खऱ्या आयुष्यात शिरतो आणि तिसऱ्या अंकात सुखात्मे चेहरा पाडून बचावाच्या जागी जाऊन बसतात, तेव्हा त्या सोयीचे खरे रूप उघडे पडते. बचावाचे साक्षीदार पुकारले जातात ते गैरहजर असलेल्यांतले. पुढे भाषणाची वेळ येते, तेव्हा हे बचावाचे वकील आधी अपराध झाल्याचे मान्य करून टाकतात आणि मग दयेची याचना करतात. अशिलाने न दिलेली कबुली वकिलाने देऊन टाकावी, याहून मोठा विश्वासघात वकिली व्यवसायात दुसरा कोणता?

१९६१च्या अधिवक्ता कायद्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांसाठी आचारनियम केले आहेत. एका पक्षाचे काम केलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभे राहू नये, हा त्यांतला एक. आरोपीच्या अपराधाविषयी स्वतःचे मत काहीही असो, त्याचा बचाव निर्भयपणे करावा, हा दुसरा. फिर्यादी पक्षाच्या वकिलाने निरपराध्याला शिक्षा होईल अशा रीतीने काम चालवू नये आणि आरोपीला उपयोगी पडेल असा पुरावा दडवू नये, हा तिसरा. सुखात्मे हे तिन्ही एकाच संध्याकाळी मोडतात. त्यांच्यासमोर न्यायाधीश काशीकर आसन सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतात, तरी हरकत घ्यावी असे त्यांना वाटत नाही. सामंतांची साक्ष एका कादंबरीतून उचललेली असते, तीही चालते. पोंक्षे गुप्ततेचा शब्द देऊन ऐकलेली गोष्ट उघड करतात, तेव्हा तर ती ऐकायला सारे न्यायालय उत्सुक असते.

कोणी म्हणेल, हा तर खेळ. खेळाला कौन्सिलचे नियम कसले लावता? आमचे म्हणणे नेमके हेच आहे. या मंडळींनी न्यायालयाचा काळा डगला घेतला, हातोडा घेतला, ‘मिलॉर्ड’ हे संबोधन घेतले. घेतली नाहीत ती फक्त बंधने. अधिकाराचा थाट कोणालाही उसना मिळतो, कर्तव्य तसे मिळत नाही. वकिलीचे आचारनियम ही अनेकांना धंद्यातली शिष्टाचाराची बाब वाटते. तेंडुलकरांनी ते काढून घेतल्यावर काय उरते, ते दाखविले आहे. उरते ती पिंजऱ्यातली एकटी बाई आणि तिला बोलण्यासाठी मिळालेले दहा सेकंद.

तथापि एका बाबतीत नाटककाराशी आमचा मतभेद आहे. सुखात्मे हे पक्षकार न फिरकणारे, अपयशी वकील म्हणून रंगविले आहेत. त्यामुळे प्रेक्षागृहातला यशस्वी वकील निश्चिंतपणे हसू शकतो. तेथे नामांकित वकील असता, तर डंख अधिक खोल गेला असता. अर्थात याची दुसरी बाजूही आहे: खऱ्या न्यायालयात न जिंकणारा हा माणूस, जेथे कोणताच नियम आडवा येत नाही तेथेच जिंकतो. हे निरीक्षण मात्र तेंडुलकरांचेच, आणि ते निर्दय आहे.

आणि ही केवळ नाटकातली गोष्ट नाही. अमुक आरोपींचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे ठराव वकिलांच्या संघटनांनी आपल्या देशात वेळोवेळी केले आहेत. कोइमतूरच्या वकिलांनी काही पोलिसांविरुद्ध केलेल्या अशाच ठरावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असे ठराव घटनाविरोधी, व्यवसायनीतीच्या विरुद्ध आणि म्हणून रद्दबातल ठरविले. ज्याच्याविषयी सर्वांचे मत आधीच ठरलेले असते, त्यालाच वकिलाची गरज सर्वांत जास्त असते.

हे लिहिताना आम्हाला स्वतःलाही वगळता येत नाही. आपली वस्ती जुनी आणि आटोपशीर. घराघराची माहिती घराघराला. मंगळागौरीच्या रात्री, गणेशोत्सवाच्या मांडवामागे, लग्नाच्या पंगतीत आपणही किती खटले चालविले असतील! कोणाच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले, कोणाची सून माहेरी का राहिली. आरोप वाचले गेले, साक्षी झाल्या, निकालही लागले. त्या खटल्यांत गैरहजर माणसाची बाजू घेऊन कोणी बोलले होते काय? आठवून पाहिले, तर बहुतेक वेळा ती दुसरी जागा रिकामीच होती आणि आम्ही साक्षीदारांत बसलो होतो.