‘भारतभाग्यविधाता’ : राष्ट्रगीत आणि राष्ट्रीय सण

१

राष्ट्रगीताची समीक्षा करावी काय, असा प्रश्न आरंभीच उपस्थित होण्याचा संभव आहे. जे उभे राहून म्हणावयाचे त्याचा बसून विचार करणे काहींस औचित्यभंगासारखे वाटेल. परंतु हे गीत कोणा शासकीय समितीने सिद्ध केलेले नाही. ते एका कवीची रचना आहे, आणि राष्ट्रगीताचा मान मिळण्यापूर्वी अडतीस वर्षे ते काव्य म्हणून नांदत होते. रवींद्रनाथांचे हे गीत २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्यास, काँग्रेसच्या अधिवेशनात प्रथम गाइले गेले. जानेवारी १९१२ मध्ये ते ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त ‘भारतभाग्यविधाता’ ह्या नावाने ब्रह्मसंगीत म्हणून छापले गेले. त्याची एकंदर कडवी पाच. २४ जानेवारी १९५० रोजी संविधानसभेत डॉ. राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रगीत म्हणून ज्याची घोषणा केली ते ह्यांपैकी पहिले कडवे होय.

स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन ह्या सणांना धर्मग्रंथ नाही, कथा नाही, नैवेद्य नाही. ध्वज आणि गीत हीच त्यांची सामग्री. ध्वजाचा अर्थ रंगांवरून सांगता येतो. गीताचा अर्थ मात्र शब्दांतूनच काढावा लागतो. म्हणून त्या बावन्न सेकंदांत आपण काय म्हणतो ह्याचा विचार करणे हे त्या सणाचेच एक अंग आहे.

२

ह्या गीताची निवड कशी झाली हे पाहिल्यास शब्दांकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण हाती लागते. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधानसभेत जे निवेदन केले, त्यात भर होता तो चालीवर. १९४७ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत वाद्यवृंदावर ही चाल वाजविली गेली आणि ती विदेशी प्रतिनिधींस आवडली. राष्ट्रगीत हे प्रथम स्वर असते, शब्द नंतर येतात, अशी त्यांची भूमिका होती. त्याच निवेदनात त्यांनी सांगितले की प्रांतोप्रांतीच्या गव्हर्नरांचे मत मागविले असता एक वगळून सर्वांनी ह्या गीतास संमती दिली. तो एक अपवाद होता मध्यप्रांताच्या गव्हर्नरांचा. आमचा बालाघाट जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतातच होता, ही गोष्ट येथील फार थोड्या लोकांच्या ध्यानात असेल.

दुसऱ्या बाजूस ‘वंदे मातरम्’ होते, आणि त्याच्या कैवाऱ्यांत महाराष्ट्रीय संगीतकार अग्रभागी होते. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात आक्षेप घेतला गेला असतानाही विष्णु दिगंबर पलुसकरांनी ते गीत पुरे केले. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी तर ते वाद्यवृंदावर वाजविता येते हे सिद्ध करण्यासाठी त्यास समूहगानायोग्य चाल बांधली आणि दिल्लीस जाऊन ती ऐकविली. म्हणजे प्रतिपक्षाचे उत्तरदेखील चालीच्याच भूमीवर दिले गेले. अखेर १९५० साली दोन्ही गीतांस समान सन्मान देण्यात आला आणि वाद मिटला. पण ज्या वादात शब्द मुख्य साक्षीदार म्हणून उभेच राहिले नाहीत, त्याचा परिणाम आजही दिसतो. आमच्या शाळांतून चाल शुद्ध असते. शब्द कसेबसे तिच्यामागून चालतात. ‘उच्छल’ ह्या शब्दाचे ‘उज्ज्वल’ कित्येक शाळांतून ऐकू येते, आणि अर्थ लागतच नसल्यामुळे त्याने अर्थ बिघडला असे कोणास वाटत नाही.

३

आता भाषेकडे वळू. ह्या कडव्याची बंगाली इतकी संस्कृतप्रचुर आहे की त्यातील बहुतेक नामे भारतातील बहुतेक भाषांत आधीच रूढ आहेत. सर्वांस ते थोडे थोडे कळते, आणि पुरते कोणासच कळत नाही. खरी बंगाली उरते ती दोन-चार क्रियापदांत, आणि नेमकी तेथेच मराठी कान फसतो. ‘मागे’ म्हणजे मागतो, याचना करतो. परंतु मराठी घरातील मुलास विचारावे तर ते ‘पाठीमागे’ असा अर्थ सांगते. ‘जागे’ त्यास विशेषण वाटते. ‘गाहे’ म्हणजे गातो, हे सांगितल्यावाचून उमगत नाही. उलट ‘नामे’ हे रूप अभंग ऐकलेल्या कानास ओळखीचे आहे. संतांची तृतीया येथे उपयोगी पडते.

समासांची अडचण ह्याहून मोठी आहे. ‘भारतभाग्यविधाता’ हा षष्ठी तत्पुरुष : भारताच्या भाग्याचा विधाता. पुष्कळ विद्यार्थी ‘भारत’ हा शब्द तोडून ते संबोधन समजतात आणि मग देशच विधाता होतो. ‘अधिनायक’ शब्दाचे तर आणखी विपरीत होते. हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘अधिनायकवाद’ म्हणजे हुकूमशाही. इयत्ता नववीत ज्यास लोकशाहीचा शत्रू म्हणून शिकविले त्याचाच सकाळी जयजयकार करावयाचा, ही विसंगती चाणाक्ष मुलाच्या ध्यानात येते आणि बहुधा तो ती बोलून दाखवीत नाही. समास नीट सोडविला तर विसंगती राहत नाही : हा अधिनायक जनगणांच्या मनांचा आहे. ज्याची सत्ता देहावर चालत नाही, मनावर चालते, असा नायक सैन्य बाळगीत नाही. फ्रान्सचे राष्ट्रगीत १७९२ साली युद्धगीत म्हणून जन्मले. इंग्लंडचे राजासाठी केलेली प्रार्थना आहे. आमच्या कडव्यात शत्रू नाही, शस्त्र नाही आणि राजाचे नावही नाही.

४

ह्या कडव्याची रचना म्हणजे नामावळी, असा आक्षेप घेतला जातो. नामावळी खरीच, पण तिला क्रम आहे. पंजाबपासून निघालेली वाणी सिंध, गुजरात, महाराष्ट्र ह्या वाटेने पश्चिम किनारा उतरते, दक्षिणेस वळसा घेते आणि उत्कल-वंगावरून पूर्वेस वर चढते. नंतर दोन पर्वत, दोन नद्या, आणि शेवटी समुद्र. कवीने देशाचा परीघ रेखिला आणि मध्य मोकळा सोडला.

त्या मोकळ्या मध्यात आम्ही राहतो. बालाघाटचे नाव गीतात नाही, मध्यप्रांताचे नाही, गोंडवनाचे नाही. सातपुड्याचे नाही आणि वैनगंगेचेही नाही. आसाम, काश्मीर, बिहार हेही त्यात नाहीत. म्हणून ते देशाबाहेर राहिले काय? साहित्यशास्त्रात ह्यास उपलक्षण म्हणतात : काहींचा निर्देश करून तत्सम सर्वांचे ग्रहण. ‘सिंध’ शब्द बदलावा म्हणून झालेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली फेटाळली. न्यायालयाने तिचा विचार कायद्याच्या अंगाने केला असला तरी काव्यदृष्टीनेही तो निर्णय योग्यच आहे. ही यादी महसूल खात्याची असती तर सिंध वगळावा लागला असता आणि बालाघाट घालावा लागला असता.

ह्या जिल्ह्यातील मराठी माणसास ‘मराठा’ ह्या शब्दाशी एक विशेष प्रकारचा संबंध जाणवतो. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. वैनगंगा येथून पुढे महाराष्ट्रात जाते, आम्ही येथेच राहतो. मध्यप्रदेशास २०१० साली स्वतःचे राज्यगीत मिळाले. महाराष्ट्राने राजा बढे ह्यांचे ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारले. बढे १९१२ साली नागपुरास जन्मले, म्हणजे त्या वेळच्या आमच्याच प्रांतात. त्यांचे गीत ओजस्वी आहे. ते भूमीला ‘माझा’ म्हणते आणि दिल्लीकडे छाती काढून पाहते. सीमेपलीकडील मराठी माणूस ते ऐकून उल्हसित होतो, आणि त्याच क्षणी आपण त्या ‘माझा’च्या आत आहो की बाहेर, असा प्रश्न त्यास चाटून जातो. राष्ट्रगीतातील ‘मराठा’ असा प्रश्न विचारीत नाही. तेथे तो शब्द कोणा राज्याची सीमा सांगत नाही. विधात्यापाशी आशीर्वाद मागणाऱ्या जनांपैकी तो एक आहे. ज्याची बोली एक आणि राज्य दुसरे, अशा माणसास ह्याहून मोठा आश्रय दुसरे कोणते गीत देणार?

५

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. एकट्या पहिल्या कडव्यात हा विधाता कोण हे स्पष्ट होत नाही. गीत पंचम जॉर्जसाठी रचिले हा प्रवाद त्या पोकळीतच वाढला, आणि १९३७ साली एका पत्रातून खुद्द कवीस त्याचे निराकरण करावे लागले. उत्तर पुढील कडव्यांत होतेच. दुसऱ्यात त्याची हाक ऐकून हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती एकत्र येतात. तिसऱ्यात तो युगायुगांच्या यात्रिकांचा सारथी होतो. चौथ्यात काळोख्या रात्री मूर्च्छित देशास मांडीवर घेऊन जागणारी माता होतो. पाचव्यात पहाट फुटते. ह्या क्रमात एक भावकथा आहे, आणि १५ ऑगस्टच्या सकाळी त्या कथेच्या आरंभावरच आपणास थांबावे लागते.

अर्थ हरपला म्हणजे आचाराची चिंता वाढते. २००३ साली आमच्याच जबलपूरच्या उच्च न्यायालयापुढे एका चित्रपटाचा प्रश्न आला. कथेतील एक बालक विलायतेतील शाळेत हे गीत गाते. तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहावे की नाही? न्यायालयाने ते दृश्य गाळण्यास सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय टिकला नाही. चित्रपटगृहांत गीत वाजविण्याची २०१६ ची सक्तीही ९ जानेवारी २०१८ रोजी मागे घेण्यात आली. ह्या सर्वांहून अधिक मननीय निकाल १९८६ चा आहे. केरळातील तीन मुले धर्मश्रद्धेमुळे गीत म्हणत नसत, परंतु आदराने उभी राहत. त्यांस शाळेतून काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ती शाळेत परत घ्यावयास लावली. सर्व पंथांस हाक घालणारे दुसरे कडवे ज्याने वाचले आहे त्यास हा निकाल त्या काव्याचेच भाष्य वाटेल.

राष्ट्रगीताचा पाठ, त्याची चाल, त्याचा काळ ह्यांत तिळमात्र बदल सुचविण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. सूचना लहानशी आहे. १४ ऑगस्टच्या दिवशी कवायतीच्या सरावास जेवढा वेळ दिला जातो त्यातून एक तास काढावा. पाचही कडवी फळ्यावर लिहावी, समास सोडवावे, आणि अर्थ मुलांच्या घरच्या भाषेत सांगावा : मराठीत, हिंदीत, पोवारीत, गोंडीत. ‘मागे’चा अर्थ ज्यास कळला तो दुसऱ्या दिवशी शब्द चुकणार नाही, आणि आपण कोणापाशी काय मागत आहो हेही त्यास ठाऊक असेल.