हवामानबदलाची वार्ता आणि कर्तृलोप

वृत्तपत्राची भाषा घटना सांगते, आणि सांगता सांगताच तिचा कर्ताही ठरविते. हवामानबदलाविषयीचे मराठी वृत्तलेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

प्रथम संज्ञेचाच विचार करावा. 'हवामान' हा शब्द मराठीत आजच्या ऊनपावसालाही लागतो आणि अनेक दशकांच्या सरासरीलाही. 'बदलणे' हे क्रियापद अकर्मक आहे, तसेच सकर्मकही. 'वारा बदलला' आणि 'त्याने मार्ग बदलला' यांत क्रियापदाचे रूप एकच. साहजिकच 'हवामानबदल' या समासावरून बदल झाला की केला गेला, हे कळत नाही. 'तापणे' व 'तापविणे' ही जोडी मात्र हा भेद स्पष्ट दाखविते. मानवी प्रभावानेच वातावरण, महासागर व भूपृष्ठ तापले, हे हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने निःसंदिग्धपणे नमूद केले. मथळ्यांत मात्र पृथ्वी सहसा 'तापते'. ती कोणी 'तापविली' असे आढळत नाही.

पावसाच्या वार्तांत 'निसर्ग कोपला', 'वरुणराजा बरसला' अशी वाक्ये येतात. येथे कर्ता आहे. परंतु त्याला जाब विचारता येत नाही. 'ढगफुटी'चेही तसेच. सुमारे २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रात तासाभरात १०० मिलिमीटर वा अधिक पाऊस, ही हवामानशास्त्र विभागाची व्याख्या बाजूस राहून कोणत्याही मुसळधार पावसाला ती संज्ञा लाविली जाते.

वस्तुतः अस्मानी व सुलतानी हा भेद मराठीस परका नाही. जुलै २००५ मध्ये सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ही अस्मानी. मिठी नदीचे पात्र अतिक्रमणांनी आक्रसले होते, ही सुलतानी. अशा एकेका घटनेचे खापर तत्काळ हवामानबदलावर न फोडण्याचा वार्ताहराचा संयम योग्यच होय. अन्यथा 'हवामानबदल' हाच नवा अस्मानी कर्ता होतो आणि बुजविलेले नाले, पोखरलेले डोंगर यांचे उत्तरदायित्व त्याच्याआड दडते.

'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने २०१९ मध्ये 'बदला'ऐवजी 'आणीबाणी', 'संकट' असे तीव्र शब्द पसंत केले. परंतु आणीबाणीही 'येते'. ती आणणारा अनुक्तच राहतो. उणीव शब्दाच्या तीव्रतेत नसून वाक्याच्या रचनेत आहे. कोणी, काय आणि किती काळ केले, हे सांगणारे वाक्य लिहिले जाईपर्यंत वाचकाला आपत्ती कळेल, कारण कळणार नाही.