यंत्राचे सोवळे

आमच्या महाविद्यालयातील बी. ए. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री एका मोठ्या समाजमाध्यमावर एक कविता टाकली. कविता त्याच्या आईवर होती. गावातल्या हातपंपावर पाणी भरताना तिला जातीच्या नावाला ‘डी’ लावून हाक मारली जाते. ती हाक प्रत्येक कडव्याच्या शेवटी येते. आधी पाटलाच्या तोंडून, मग पाटलिणीच्या, मग शाळेत जाणाऱ्या त्यांच्या नातवाच्या, आणि शेवटच्या कडव्यात मुलगा ती हाक स्वतःच्याच तोंडाने उच्चारून पाहतो. सकाळी मिरवणुकीच्या गडबडीत त्याने मोबाइल उघडला तेव्हा कविता जागेवर नव्हती. द्वेषमूलक मजकुराविषयीच्या नियमाचा भंग झाल्यामुळे ती काढून टाकली आहे आणि सात दिवस त्याला काही लिहिता येणार नाही, अशी सूचना होती. सूचना इंग्रजीत होती. त्याने फेरविचाराची कळ दाबली. काही मिनिटांतच निर्णय कायम असल्याचे उत्तर आले, तेही इंग्रजीत.

त्याच दिवशी तालुक्याच्या मिरवणुकीची चित्रफीत कोणीतरी त्याच माध्यमावर टाकली होती. तिच्याखाली लोकांनी लिहिले होते : सरकारचे जावई निघाले. डीजेला पैसा कुठून येतो, आपल्याच करातून ना? एवढा जोर अभ्यासात दाखवा, मग सवलत लागणार नाही. आम्ही चार-पाच जणांनी बसून अशा अकरा शेऱ्यांविरुद्ध तक्रार नोंदविली. अकराही वेळा एकच उत्तर आले, की नियमाचा भंग झालेला नाही.

विद्यार्थ्याच्या आईला लिहिता-वाचता येत नाही. मुलगा तोंड पाडून का बसला आहे हे तिला कळले तेव्हा तिने विचारले, “कोण्या पाटलानं काढली रे ती?” मी पदवीधर, प्राध्यापक म्हणवून घेणारा माणूस, मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

हा प्रकार मी गाऱ्हाणे म्हणून येथे मांडत नाही. त्या कवितेच्या बाबतीत जे झाले ती एक समीक्षाच आहे असे माझे म्हणणे आहे. कोणीतरी, किंवा कशाने तरी, त्या कवितेच्या भाषेवर निवाडा दिला, ती वाचण्यास अयोग्य ठरविली आणि कवीला शिक्षाही दिली. हा निवाडा कोणत्या निकषावर दिला हे विचारण्याचा अधिकार साहित्याच्या विद्यार्थ्याला असलाच पाहिजे.

निकष मात्र आपल्या ओळखीचा आहे. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा त्यातील भाषेने मध्यमवर्गीय वाचकाला घेरी आली होती. विजय तेंडुलकरांसारख्या नाटककाराला त्याची प्रस्तावना लिहिताना त्या जगाची ओळख आधी करून घ्यावी लागली. दलित साहित्य शिवराळ आहे, असंस्कृत आहे, त्यात कलात्मक संयम नाही, असे आक्षेप त्या काळात किती वेळा घेतले गेले आणि त्यांना किती वेळा उत्तरे दिली गेली हे सांगत बसण्याची गरज नाही. माझी पिढी ती उत्तरे वाचतच शिकली. त्या उत्तरांचा गाभा असा होता, की ज्या शब्दाने आम्हाला हिणवले तोच शब्द आम्ही उचलून तुमच्यासमोर धरतो आहोत. तो तुमचा शब्द आहे, आता तुम्हीच तो वाचा. आपल्या आत्मकथनांची नावे पाहा. ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ (१९८७), ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४). ही नावे म्हणजे समाजाने त्या त्या माणसाच्या कपाळावर मारलेले शिक्के आहेत, आणि लेखकाने ते जसेच्या तसे मुखपृष्ठावर छापले आहेत. ‘अक्करमाशी’ या शब्दाखाली किती आयांची विटंबना दडली आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो शब्द मुखपृष्ठावर येणे म्हणजे काय हे कळेल. शब्दांची यादी हाती घेऊन बसलेल्या पहारेकऱ्याला त्यात फक्त शिवी दिसेल. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या संग्रहाला तो पहारेकरी काय म्हणेल कोण जाणे. कदाचित चोरीचा गुन्हा नोंदवील.

मराठीत ‘डा’ आणि ‘डी’ हे दोन प्रत्यय आहेत. जातीच्या नावाला ते लावले की पुढे आणखी काही बोलावे लागत नाही. व्याकरणाचे पुस्तक त्यांना तुच्छतादर्शक म्हणून मोकळे होते. परंतु त्या प्रत्ययात पाणवठा आहे, उंबऱ्याबाहेर वरून टाकलेली भाकर आहे, शाळेच्या दाराजवळची जागा आहे. यंत्राला ‘डा’ ओळखता येतो, कारण तो अक्षरात दिसतो. कोणाच्या तोंडी आला आहे आणि कोणासाठी आला आहे हे मात्र अक्षरात दिसत नाही. उलट, जे खरोखर आपल्याला हिणवतात त्यांना आता ‘डा’ची गरज उरलेली नाही. कायद्याच्या धाकाने म्हणा किंवा शिक्षणाने म्हणा, ते शहाणे झाले आहेत. ‘सरकारचे जावई’ या दोन शब्दांत एकही अपशब्द नाही. ‘हे लोक’, ‘त्यांच्यातला’, ‘तुमच्यात चालत असेल’, ‘आम्ही काय बाबा, गुणवत्तेवाले’ ही सगळी सभ्य मराठी आहे. मराठी सवर्णाने जातीचा उल्लेख न करता जात सांगण्याची जी कला कमावली आहे तिचा अभ्यास कोणा विद्यापीठाने करायला हवा. यंत्र या कलेसमोर आंधळे आहे. म्हणून मार खाणाऱ्याचे ओरडणे त्याला ऐकू येते आणि मारणाऱ्याचा हात दिसत नाही.

कायद्याने हा भेद केलेला आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अपमानाचा गुन्हा ठरण्यासाठी तो हेतुपुरस्सर असावा लागतो, अपमान करणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असावा लागतो आणि तो लोकांना दिसेल अशा जागी झालेला असावा लागतो. म्हणजे कोण बोलले, कोणाला, कशासाठी आणि कोठे, हे चार प्रश्न कायदा विचारतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये असे म्हटले, की इंटरनेटवर टाकलेली जातीय मानहानी हीही लोकांना दिसेल अशा जागीच झालेली असते. न्यायालयाच्या लेखी ती जागा चव्हाट्याची आहे. कंपनीच्या लेखी ती तिची खासगी मालमत्ता आहे. तेथे कोणी बसावे आणि कोणी उठावे हे ती ठरविणार.

येथे महाडची आठवण होणे अपरिहार्य आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केले. कागदावर तळे खुले होते. त्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि पाणी प्यायल्यावर लोकांनी मार खाल्ला. फेसबुकच्या नियमपुस्तकातही ज्या ओळखींवरून कोणावर हल्ला करता येत नाही त्यांच्या यादीत धर्म, वंश यांच्याबरोबर जात हा शब्द आहे. ठराव झालेला आहे. परंतु महाडला निदान नगरपालिका होती, तिला मते देणारी माणसे होती, तिच्याविरुद्ध न्यायालयात उभे राहता येत होते. या तळ्याचा मालक कॅलिफोर्नियात बसतो.

त्यांच्या घरात जातीविषयी किती धैर्य आहे हेही पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले असताना ब्राह्मणी पितृसत्तेचा निषेध करणारे एक पोस्टर हातात धरून त्यांनी छायाचित्र काढून घेतले. ते पोस्टर एका दलित कार्यकर्तीने त्यांना दिले होते. गदारोळ होताच कंपनीने हात झटकले आणि तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने माफी मागितली. एप्रिल २०२२ मध्ये गुगलमध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीविषयी भाषण ठरले होते. आतल्याच काही कर्मचाऱ्यांनी ओरड केल्यावर ते रद्द झाले आणि ते ठरविणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी पुढे राजीनामा दिला. सातासमुद्रापार गेलेल्या आपल्या उच्चवर्णीय अभियंत्यांनी सोबत काय काय नेले ते यावरून कळते.

यंत्राचा हा आंधळेपणा केवळ आपल्याच वाट्याला आलेला नाही. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या एका कलाकृतीचे छायाचित्र फेसबुकवरून काढले गेले. आदिवासी मुलांना त्यांच्या आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत कोंबले गेले त्या शाळांमागचे ‘इंडियनाला मारा, माणसाला वाचवा’ हे घोषवाक्यच कलावंताने शीर्षक म्हणून घेतले होते. यंत्राने ‘मारा’ वाचले. मग माणसानेही तपासले आणि तेही यंत्रासारखेच वागले. कंपनीनेच नेमलेल्या देखरेख मंडळाकडे प्रकरण गेल्यावर ती चूक कबूल झाली, आणि द्वेषाला दिलेले उत्तर म्हणजे द्वेष नव्हे, असे मंडळाने डिसेंबर २०२१ च्या निर्णयात सांगितले. त्या आदिवासी कलावंताचे शीर्षक आणि आपल्या लेखकांची शीर्षके यांची जात एकच आहे.

त्याच मंडळासमोर त्याच वर्षी पंजाबीतील एका मजकुराचे प्रकरण आले, तेव्हा असे दिसून आले की ज्या नियमांखाली तो काढला होता ते नियमच पंजाबीत उपलब्ध नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्रान्सेस हॉगेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून वृत्तपत्रांनी छापले, की खोटी माहिती ओळखण्याच्या कामासाठी राखलेल्या वेळेच्या खर्चातील ८७ टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी होता आणि उरलेल्या सगळ्या जगासाठी १३ टक्के. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. त्या तेरा टक्क्यांत मराठीचा वाटा किती, आणि त्या वाट्यात हातपंपावरच्या मराठीचा किती?

सत्तरच्या दशकातील सवर्ण समीक्षकाशी आपले भांडण होते, पण त्याला नाव होते, पत्ता होता. तो लेख लिहीत असे आणि पुढच्या अंकात त्याला उत्तर देता येत असे. परिसंवादात उठून त्याला प्रश्न विचारता येत असे. कधी कधी तो बदलतही असे. या नव्या समीक्षकाला तोंडच नाही. २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावले आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत व निवाडा पंधरा दिवसांत देण्याचे बंधन घातले. २०२३ च्या जानेवारीत सरकारने अपिलासाठी तीन समित्याही नेमल्या. हे कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावे आणि वापरावे. आम्हीही अर्ज केला आहे. पोच आली आहे.

येथपर्यंत लिहून थांबलो तर मी अप्रामाणिक ठरेन. या माध्यमांनी आपल्याला काही दिलेच नाही असे म्हणता येणार नाही. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही हे बाबासाहेबांनी नमूद करून ठेवले आहे, आणि शंभर वर्षांनंतरही मोठ्या वृत्तपत्रांच्या संपादकीय खोल्यांत आपली माणसे शोधावी लागतात. जी बातमी कोणी छापत नव्हते ती खेड्यातल्या पोराच्या मोबाइलवरून राज्यभर गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाचे पत्र हातोहात पसरले ते याच वाटेने.

परंतु फुकट मिळालेल्या ओसरीची सवय लागली की आपले घर बांधायचे राहून जाते. ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले तेव्हा तो निघाला, आणि पैशांअभावी तो बंद पडला. त्यानंतर बाबासाहेब दुसऱ्याच्या पत्रात जागा मागत बसले नाहीत. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. छापखाना आपला असावा हा त्यांचा आग्रह होता. आपण मात्र दहा-पंधरा वर्षांचे वाद, कविता, श्रद्धांजल्या, चळवळीतील मतभेद हे सारे दुसऱ्याच्या वहीत लिहून ठेवले आहे. ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले तेव्हा त्यावरील आपल्या चर्चा गेल्या. त्या कोणी उतरवून घेतल्या होत्या? रोहितच्या फेसबुकवरील नोंदींचे पुढे पुस्तक झाले म्हणून त्या आज ग्रंथालयात आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या कवींना रुचणार नाही. या माध्यमाने आपली कविता बिघडविली आहे. जयंतीला एक, महापरिनिर्वाणदिनाला एक, अत्याचाराची बातमी आली की त्याच संध्याकाळी एक. निळ्या पार्श्वभूमीवर आठ ओळी, खाली कवीचे छायाचित्र. त्याखाली दीडशे जण ‘जबरदस्त सर’ असे लिहितात आणि त्यांतल्या एकानेही तिसरी ओळ सैल आहे असे म्हटलेले नसते. मीही ‘जबरदस्त’ लिहिले आहे, ओळखीच्या माणसाला दुखवायचे नाही म्हणून. माझी पहिली कविता एका अनियतकालिकाच्या संपादकाने लाल शाईने भरून परत पाठविली होती. मी तो कागद रागाने फाडला. मग तुकडे जुळवून त्याचे शेरे वाचले आणि त्यांतले दोन मान्य केले. कळ दाबून मिळणाऱ्या अंगठ्याने आणि कळ दाबून मिळणाऱ्या बंदीने कवितेचे सारखेच नुकसान होते, कारण दोन्हींत कविता कोणी वाचलेली नसते.

विद्यार्थ्याची कविता मी त्याच्याकडून वहीच्या कागदावर लिहून घेतली आणि संपादकांकडे पाठविली आहे. ‘डी’ प्रत्येक कडव्यात आहे तसाच ठेवला आहे. पहिल्या कडव्यात त्याने ‘हातपंप’ असा शब्द घातला आहे. त्याची आई, पाटील आणि सारे गाव ज्याला ‘हापसा’ म्हणते त्याला हा ‘हातपंप’ का म्हणतो, असे मी त्याला विचारले. त्याला माझे म्हणणे अजून पटलेले नाही.