हो ची मिन्ह यांची तुरुंगांतील रोजनिशी : काल, कर्तृत्व आणि शत्रु

हस्तलिखितावर घातलेली तारीख हीच त्याच्या लेखनाची तारीख असते असें नाहीं, ही गोष्ट जुन्या कागदांच्या संग्राहकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु तारीख खोटी ठरली म्हणजे लेखही बनावट ठरतो काय, याचा निर्णय प्रत्येक कागदापुरता स्वतंत्रपणें करावा लागतो. व्हिएतनामच्या साम्यवादी स्वातंत्र्यचळवळीचे पुढारी हो ची मिन्ह यांच्या तुरुंगांतील रोजनिशीविषयीं हाच प्रश्न उपस्थित झाला आहे. म्हणून तिची परीक्षा आम्ही येथें करीत आहों.

मूळ वही हानोई येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयांत असून इ. स. २०१२ मध्यें तिची गणना व्हिएतनामच्या राष्ट्रीय ठेव्यांत झाली. तिची भाषा अभिजात चिनी आहे. सुमारें १३० कविता असून बहुतेक थांगकालीन धर्तीच्या चतुष्पदी आहेत. पुढें वृत्तपत्रांच्या वाचनांतून केलेलीं टिपणें आहेत. मुखपृष्ठावर शृंखलाबद्ध मुठींचें चित्र, चार ओळींचें पद्य आणि २९-८-१९३२ व १०-९-१९३३ या दोन तारखा आहेत.

इ. स. १९९० मध्यें ले हूउ मुक या अभ्यासकानें हो ची मिन्ह यांचें कर्तृत्वच अमान्य करणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. मुखपृष्ठावरील तारखा पाहतां संशयास प्रथमदर्शनीं जागा आहे हें खरें. इ. स. १९३१ च्या जून महिन्यांत हाँगकाँगमध्यें ब्रिटिशांनीं त्यांस पकडलें होतें, आणि इ. स. १९३२ सालीं ते तेथें कैदेंत होते. परंतु इ. स. १९३३ च्या प्रारंभींच ते हाँगकाँग सोडून गेले; सप्टेंबरची तारीख त्या कैदेस लागूं पडत नाहीं. उलट, इ. स. १९४२ च्या ऑगस्टअखेरपासून इ. स. १९४३ च्या सप्टेंबरपर्यंत ते चीनच्या क्वांगशी प्रांतांत चिआंग काय-शेक यांच्या सरकारच्या कैदेंत होते. त्या कैदेशीं दिवस व महिने जुळतात. दशकाचा आंकडा तेवढा भिन्न. एकच आंकडा दोन्ही ठिकाणीं सारखाच बदललेला असल्यामुळें, हा लेखणीचा प्रमाद नसून बुद्धिपुरस्सर केलेला फेर असावा, असें आम्हांस वाटतें.

अंतर्गत पुरावा याहून बलवत्तर आहे. अमेरिकन राजकारणी वेंडेल विल्की यांच्या चीनमधील स्वागतावर वहींत एक कविता आहे. ते चुंगकिंगला आले ते इ. स. १९४२ च्या ऑक्टोबरांत. त्याच वर्षीं चीनला आलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळावर दुसरी आहे. दोहोंतही कवि आपल्या वांट्यास आलेल्या पाहुणचारावर उपरोध करतो. इ. स. १९३२ सालीं लिहिणाऱ्यास या घटना ठाऊक असणें शक्य नव्हतें.

आतां शत्रूंविषयीं. इ. स. १९४० च्या सप्टेंबरांत जपानी सैन्य इंडोचीनमध्यें शिरलें. फ्रेंच सत्ता मात्र कायम होती. इ. स. १९४१ च्या मे महिन्यांत पाक बो येथें स्थापन झालेल्या व्हिएत मिन्ह संघटनेनें या दोघांविरुद्ध लढा पुकारला. चीनचें राष्ट्रीय सरकारही जपानशीं लढत होतें. त्याचें साह्य मिळविण्यास निघालेल्या पुढाऱ्यास त्याच सरकारच्या अंमलदारांनीं हेर समजून अटकेंत टाकलें. हा विरोध वहींत स्पष्ट उमटला आहे. हवाई हल्ल्याच्या कवितेंत शत्रूचीं म्हणून येणारीं विमानें जपानी आहेत. उलट, मो नांवाच्या तुरुंगप्रमुखाची सहृदयता आणि हौ नांवाच्या अधिकाऱ्यानें दिलेलें पुस्तक यांचा कवि कृतज्ञतेनें उल्लेख करतो. पुढें हें चिनी सरकार साम्यवाद्यांचें उघड वैरी ठरलें. त्या काळीं कोणी ही वही बनविती, तर असे आभार तींत घालण्याचें त्यास प्रयोजन नव्हतें. म्हणून ज्या कविता पक्षास पुढें अडचणीच्या वाटाव्या, त्याच आम्हांस अस्सलपणाच्या साक्षी वाटतात.

याच कारणास्तव इ. स. १९६० मध्यें हानोई येथें निघालेल्या पहिल्या व्हिएतनामी आवृत्तीविषयीं आमचा आक्षेप आहे. तींत सर्व कविता घेतल्या नव्हत्या. पुढें अधिक पूर्ण आवृत्त्या निघाल्या. तथापि दीर्घकाळ वाचकांच्या हातीं निवडच राहिली. संपादकानें मूळांतील कांहीं भाग वगळला म्हणजे तो संशयास आपण होऊन आमंत्रण देतो.

मात्र या वहीस तिच्या शक्तीबाहेरचा भार घालणेंही उचित नव्हे. चळवळीचे सर्व शत्रु परके नव्हते. ता थु थाउ हे ट्रॉट्स्कीपंथी पुढारी फ्रेंचांविरुद्धच लढले होते, इ. स. १९४५ मध्यें ते व्हिएत मिन्हच्या हातून मारले गेले. त्या प्रकरणाचा शोध अन्य कागदांतच घ्यावा लागेल. वहीपुरता आमचा निर्णय असा : तारीख खोटी, लेख अस्सल, आणि काल इ. स. १९४२–४३. हिचा उपयोग करणाऱ्यानें मूळाच्या छायाप्रतीवरून सर्व पानें वाचावीं आणि गाळलेल्या कवितांस इतरांइतकेंच प्रमाण मानावें.