कोट काढल्यावर उरलेला माणूस

जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांचा १९२४ सालचा 'डेर लेट्स्टे मान' म्हणजे 'शेवटचा माणूस' हा मूकपट इंग्रजीत 'द लास्ट लाफ' या नावाने ओळखला जातो. वडीलधाऱ्यांनी तो मुलानातवंडांबरोबर बसून जरूर पाहावा, असे आम्हांस वाटते.

कथा साधी आहे. बड्या हॉटेलच्या दारावरचा म्हातारा दरवान चकचकीत बटणांच्या कोटात रुबाबात उभा असतो. त्या कोटामुळे घराजवळचे शेजारीपाजारी त्याला सलाम करतात. एकदा जड पेटी उतरवून तो दमतो व क्षणभर बसतो. मॅनेजरच्या ते नजरेस पडते. वयाचे कारण दाखवून त्याचा कोट उतरवितात आणि शौचालयात टॉवेल देण्याच्या कामावर लावतात. घरात तर लग्न! लाजेखातर तो कोट चोरतो व तोच घालून घरी जातो. पण डबा घेऊन आलेल्या बाईला खरे समजते आणि सलाम करणारेच दात काढून हसतात.

एमिल यानिंग्स तेव्हा अवघा चाळिशीचा होता, पण कोट उतरताच तो असा वाकतो की पाहणाऱ्याला धस्स होते. संवादाच्या पाट्या नाहीत. लेखक कार्ल मायर व छायालेखक कार्ल फ्रॉइंड या दोघा यहुदींनी कॅमेऱ्यालाच बोलते केले आहे.

गणवेशाचा अभिमान आपल्याला परका नाही. कित्येक घरांत पलटणीतल्या आजोबांचा फोटो भिंतीवर आहे. आम्ही स्वतः परिचारिकेचा गणवेश अभिमानाने वापरला. पण वॉर्डात साहेब असो की हमाल, अंगावर रुग्णालयाचाच सदरा. तिथे माणसाला माणूस म्हणून वागवावे लागते.

शेवट मात्र आम्हांस पटला नाही. एका धनिकाच्या मृत्युपत्रामुळे म्हातारा एकाएकी श्रीमंत होतो. प्रत्यक्षात असे घडत नसते, हे चित्रपटच पाटी लावून कबूल करतो! आमच्या मते खरा शेवट त्याआधीच झाला आहे. सारे पाठ फिरवितात, तेव्हा रात्रीचा पहारेकरी आपला कोट म्हाताऱ्याच्या अंगावर पांघरतो.

पहारेकऱ्याचे काम गेओर्ग योन या यहुदी नटाने केले आहे. पुढे यानिंग्स नाझी सरकारचा मानाचा नट झाला. योन यांना वुज येथील घेट्टोत पाठविले गेले आणि तेथेच १९४१ साली ते वारले. हे ध्यानात ठेवून तो प्रसंग पाहावा. ज्याने कोट पांघरला, त्याच्यावर पांघरूण घालायला कोणी पुढे आले नाही.