‘संयुक्त’ नोंदणी आणि जाब

आता कॉक्स बाजारचंच उदाहरण घेऊ. 2018 पासून तिथं बांगलादेश सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था यांनी मिळून रोहिंग्यांची नोंदणी केली. फोटो, बोटांचे ठसे, मग स्मार्ट कार्ड, आणि कार्डावर मदत. पुढे सरकारनं किमान 8 लाख 30 हजार जणांची माहिती परतपाठवणीच्या पडताळणीसाठी म्यानमारला दिली. म्हणजे ज्यांच्या भयानं पळाले, त्यांनाच! ह्यूमन राइट्स वॉचनं 2021 मध्ये हे मांडलं, तेव्हा संस्थेचं उत्तर आलं की संमती वेगळी विचारली होती. पण मुलाखती दिलेल्या बहुतेकांना तसं कुणी विचारल्याचं माहीतच नव्हतं. हातात पडलेली पावती इंग्रजीत. कांट वाचलेला माणूस याला संमती म्हणेल? (न वाचलेलाही म्हणणार नाही, ते सोडा.)

आम्हांला शंका आहे ती या ‘संयुक्त’ शब्दाचीच. गोळा करताना दोघं, पुढे देताना एक, आणि जाब विचारला की प्रत्येकजण दुसऱ्याच्या कलमाकडे बोट दाखवतो. ठसा घेणाऱ्यानं तो पुढे कुठं जाईल याचीही हमी घ्यायला हवी होती. ती देता येत नसेल, तर मदतीची यादी आणि परतपाठवणीची यादी मुळातच वेगळ्या ठेवायच्या, वेगळ्या दिवशी, वेगळ्या टेबलावर.